माउंट टॅमच्या पायथ्याशी राहणाऱ्या मैत्रिणीस

पुणे, जुलै

प्रिय सुमे,

फोनवर तू म्हणालीस, "मलाही डोंगरात सायकल चालवायचीय, पण काय काय घ्यायचं ते कळत नाही," आणि नेमका तेव्हाच तुझा लेक उठला. म्हणून हे पत्र. अगं, तू कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सला राहायला गेलीस याचा मला किती हेवा वाटतो म्हणून सांगू! माउंटन बायकिंग जिथे जन्माला आलं, त्या गावात तू रोज भाजी आणायला जातेस.

सत्तरच्या दशकात तिथली पोरं जाड टायरच्या जुन्या, अवजड सायकली डोंगरावर चढवायची आणि मातीच्या रस्त्यांवरून सुसाट खाली सोडायची. तुझ्या गावाबाहेर रिपॅक नावाचा उतार आहे. साधारण दोन मैलांत तेराशे फूट खाली! २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर निघायचा, आणि खाली पोचल्यावर हब खोलून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. मग कुणी मोटरसायकलच्या ब्रेकचे दांडे लावले, कुणी चढासाठी गिअर बसवले. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली टॉम रिचीच्या फ्रेमच्या सायकली विकायला लागले. १९९६ मध्ये तर हा खेळ अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पोचला. तुमच्या गावातच सायकलींचं म्युझियम आहे, दुकानात जायच्या आधी तिथे एक चक्कर मार.

हे सगळं सांगण्यामागे कारण आहे. त्या मंडळींना आधी ब्रेक लागले, मग गिअर, मग मजबूत फ्रेम. सस्पेन्शन सर्रास मिळायला लागलं ते थेट नव्वदच्या दशकात. तूही पैसे याच क्रमाने खर्च कर. दुकानदार तुला मागेपुढे दोन्हीकडे शॉक असलेली, म्हणजे फुल सस्पेन्शन सायकल दाखवेल. ती सुंदर असते, पण आत्ता नको. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल घे, पुढचा शॉक शंभर ते एकशेवीस मिलिमीटर दबणारी. मागचं चाक दगडावर आपटलं की लगेच कळतं, आणि त्यामुळे कुठून जायचं हे डोळे आपोआप शोधायला शिकतात. शिवाय त्याच किमतीत हार्डटेलला ब्रेक आणि गिअर चांगले मिळतात, आणि देखभालीची कटकटही कमी. सेकंडहँड मिळाली तरी चालेल, फक्त फ्रेमला तडा नाही ना ते एखाद्या जाणत्या माणसाला दाखवून घे.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवर मात्र तडजोड करू नकोस. एका बोटाने सायकल थांबली पाहिजे. आणि हे नीट लक्षात ठेव: आपल्याकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडे तो डाव्या हाताला असतो. कॉलेजला जाताना लागलेली हाताची सवय उतारावर दगा देईल. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो, पण तो एकदम दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. पहिले काही दिवस घरासमोरच्या सपाट जागेत फक्त ब्रेक दाबून बघ.

मापाची सायकल ही त्याहूनही महत्त्वाची गोष्ट. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी राहिलीस की वरची दांडी आणि तू यांच्यात चांगली जागा हवी. मोठ्या सायकलवर शिकलेली मुलगी कायम घाबरलेली राहते, हे मी पाहिलंय. सीट बटणाने खालीवर होणारी मिळाली तर उत्तम, नाहीतर उतार लागण्याआधी हाताने खाली कर.

आता हवा. रस्त्यावरच्या सवयीने टायर दगडासारखे टणक फुगवू नकोस. तुझ्या वजनाला आणि दोन-सव्वादोन इंची टायरला पंचवीस पीएसआयच्या आसपास हवा पुरे, मग दोन-दोनने कमीजास्त करून बघ. तुमच्याकडे उन्हाळा कोरडा, घट्ट जमिनीवर बारीक खडी आणि धूळ. आपल्या सिंहगडच्या उतारावरचा घसारा आठव, तसंच. तिथे पकड हवेच्या दाबावर ठरते, आणि त्याला दमडी लागत नाही.

हेल्मेट नवंच घे, कुणाचं वापरलेलं नको. जोरात आपटलं की आतला फोम दबतो, वरून काही दिसत नाही, आणि मग ते टाकूनच द्यावं लागतं. पूर्ण बोटांचे ग्लोव्ह्ज, गुडघ्यांचे पॅड, डोळ्यांवर साधा चष्मा, सपाट तळव्याचे बूट. पाय अडकवायची पेडलं सध्या नकोतच. पाठीवर पाणी, एक ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप आणि घडीचा पान्हा. पंक्चर झालेली ट्यूब घरी एकदा स्वतः बदल, डोंगरात आपल्यासारखे कोपऱ्याकोपऱ्यावर पंक्चरवाले नाहीत.

सुरुवात रुंद फायर रोडवर कर. माउंट टॅमच्या बऱ्याच पायवाटा सायकलींना बंद आहेत, पाटी वाचल्याशिवाय आत शिरू नकोस. फायर रोडवर वेग ताशी पंधरा मैलांच्या आत, आणि माणसं दिसली किंवा आंधळं वळण आलं की पाच. घंटी लाव. चालणाऱ्यांशी वागणं चांगलं राहिलं तरच या वाटा उघड्या राहतील, हे मी आमच्या टेकड्यांवरही रोज बघते. हात बसला की सॅन राफाएलच्या चायना कॅम्पला जा, तिथे अरुंद वाटांवरही सायकल चालते. वाटेकडेला तीन-तीन पानांचं पॉयझन ओक असतं, त्याला हात लावू नकोस. लागलंच तर घरी येऊन लगेच साबणाने धू.

उतारावर सीटवरून उठ. दोन्ही पेडलं एका पातळीत, गुडघे आणि कोपरं सैल. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात नाही. आणि नजर लांब, जिथे जायचंय तिथे. चुकवायच्या दगडाकडे बघत राहिलीस तर सायकल बरोब्बर त्याच दगडावर जाईल.

आता मला तुझी उंची आणि पायाचं आतून माप कळव, दुकानातल्या दोन-तीन सायकलींचे फोटो पाठव. आमच्याकडे पाऊस आहे, मुळशीच्या वाटा चिखलात आहेत. त्यामुळे संध्याकाळी मी घरीच असते, फोन कर.

तुझी,
मंजू