तामालेचा मुक्काम

वाचकहो, परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती, बर्फ आणि गोरी माणसे उभी राहतात. आज मी तुम्हांला ज्या गावी नेणार आहे तिथे यातले काही नाही. तिथे तांबडी माती आहे, बाजारात भुईमुगाच्या शेंगांची पोती आहेत आणि पहाटे वाकून अंगण झाडणाऱ्या बायका आहेत. गावाचे नाव तामाले. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाच्या उत्तर भागातले हे मोठे शहर. इंग्रजी राज्यात हा देश ‘गोल्ड कोस्ट’ म्हणून ओळखला जाई. 6 मार्च 1957 रोजी तो स्वतंत्र झाला आणि त्याने घाना हे नाव घेतले.

मी काही हौशी प्रवासी नव्हे. शेंगा फोडायची यंत्रे करणाऱ्या एका लहान कारखान्यात मी फिटर आहे. तामालेच्या एका व्यापाऱ्याने दोन यंत्रे मागवली होती. ती बसवून, चालवून दाखवायला 2023 च्या जानेवारीत मला धाडले. माझे गाव माणदेशातले. त्याआधी मी फार तर हैदराबादपर्यंत गेलेलो.

जाण्याआधीची एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाचा मुलगा उद्या तिकडे नोकरीला निघेल. पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला असल्याशिवाय घानात प्रवेश नाही, आणि परत येताना आपल्याकडेही तो दाखला पाहतात. लस किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्यावी लागते. हिवतापाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून बरोबर घ्याव्यात. तिकडचा हिवताप वाईट असतो. परत आल्यावर काही महिन्यांत जरी ताप आला तरी ‘मी आफ्रिकेत जाऊन आलो आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगावे.

मुंबईहून आदिस अबाबाला विमान बदलून मी राजधानी अक्रा येथे उतरलो. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. अक्राहून तामाले सहाशे किलोमीटरच्या वर. एसटीत बसावे तसा पहाटे बसमध्ये बसलो. कुमासीपर्यंत गर्द झाडी, कोकोच्या बागा. पुढे झाडे विरळ होत गेली, गवत वाढत गेले. किंतांपो नावाच्या गावी बस थांबली, सगळे उतरून जेवले. हे किंतांपो लक्षात ठेवा, त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. मग बुईपे येथे काळी व्होल्टा नदी ओलांडली. त्यापुढे मात्र आपलाच मुलूख वाटावा अशी माळराने लागली.

तामालेला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. हिवाळ्यात तिकडे सहाराच्या वाळवंटातून कोरडा वारा येतो, त्याला हारमातान म्हणतात. आभाळ धुळीने पांढरे होते, ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. माझ्या केसांत, कानांत, नाकात धूळ भरली होती. स्टँडबाहेर पाहतो तो पिवळ्या तीनचाकी रिक्षांची रांग! एकीवर बजाजचे नाव वाचले आणि परमुलखात गाववाला भेटावा तसे वाटले. त्याच रिक्षाने लॉजवर गेलो.

लॉज म्हणजे काय? एक फाटक, आत मोठे अंगण, अंगणाच्या तिन्ही बाजूंना ओळीने आठ-दहा खोल्या आणि मधोमध एक झाड. भाडे दोन प्रकारचे, पंख्याच्या खोलीचे वेगळे आणि एसीच्या खोलीचे वेगळे. आपण पंखेवाले. खोलीत एक पलंग, त्यावर मच्छरदाणी, छताला पंखा, भिंतीला खिळे. मोरीत दोन भरलेल्या बादल्या, एक मग आणि कोपऱ्यात झाकण घातलेला निळा पिंप. अशा ठिकाणी उतरलात तर पैसे देण्याआधी खोली पाहून घ्या. मच्छरदाणीला भोक आहे का, कडी नीट लागते का, पंखा फिरतो का, हे बघा. वीज जाते तेव्हा उशाशी बॅटरी असू द्या. वीज जाण्यायेण्याला तिकडे ‘डुमसोर’ असा शब्दच आहे. त्याचा अर्थ विझ-पेट!

हे सगळे मी नीट पाहिले. एक गोष्ट मात्र विचारली नाही. पाणी कुठून येते, हे विचारले नाही.

धुळीने अंग चिकटले होते. दोन्ही बादल्या अंगावर ओतल्या. मग पिंपातले पाणी काढून पुन्हा आंघोळ केली. वर प्रवासाचे दोन जोड कपडेही धुऊन टाकले. पिंपाचा तळ दिसला तेव्हा कुठे थांबलो आणि ढाराढूर झोपलो.

पहाटे अजान झाली. त्यामागून झाडूचा खराट्यासारखा आवाज आला. दार उघडले तर अंगणात लॉजची मालकीण उभी. साठीची, धिप्पाड, डोक्यावरून ओढणी. हजला जाऊन आलेल्या बाईला तिकडे मानाने ‘हाजिया’ म्हणतात, तिलाही सारे हाजियाच म्हणत. ती म्हणाली, “मराबा.” म्हणजे ‘या, स्वागत आहे’. मग नीट झोप लागली का, घरची माणसे कशी आहेत, प्रवास कसा झाला, असे एकेक विचारत राहिली. तिकडे हे सगळे विचारल्याशिवाय कामाचे बोलणे सुरू होत नाही. आपल्या जुन्या माणसांचीही तीच रीत की!

तेवढ्यात फाटकातून तिची नात आणि एक मुलगा हातगाडी ढकलत आत आले. गाडीवर पिवळे प्लास्टिकचे कॅन, पाण्याने भरलेले. या कॅनला तिकडे ‘कुफुर गॅलन’ म्हणतात. कुफुर हे 2001 ते 2009 या काळात घानाचे अध्यक्ष होते. त्या वर्षांतल्या पाणीटंचाईत हे कॅन घरोघर दिसू लागले आणि लोकांनी त्यांना तेच नाव ठेवले. मुलीने एक कॅन उचलला आणि थेट माझ्या मोरीत नेऊन पिंपात ओतला. मग दुसरा ओतला, मग तिसरा. गाडी रिकामी झाली. बाकीच्या खोल्यांची माणसे हातात बादल्या घेऊन उभी होती, ती मुकाट्याने परत फिरली. मुले पुन्हा गाडी घेऊन निघाली.

शेजारच्या खोलीतल्या मास्तरांनी सांगितले की गेले चार दिवस नळ आला नव्हता. माझ्या पिंपातले पाणी एका माणसाला चार दिवस पुरावे म्हणून भरून ठेवलेले होते. मी ते एका रात्रीत संपवले होते.

वाचकहो, मी दुष्काळी मुलखातला माणूस. टँकरच्या रांगेत हंडे लावून माझी शाळा बुडालेली आहे. आई भांडी धुतलेले पाणी परसातल्या दोडक्याच्या वेलाला घालते, हे पाहत मी मोठा झालो. आणि परक्या गावी जाऊन मीच पिंप उपसून बसलो होतो. पाहुणा म्हणून पैसे दिले की पाणी आपोआप येते असे मला कधी वाटू लागले, कोण जाणे. हाजिया मात्र एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

त्या संध्याकाळी यंत्राचे काम आटोपून आल्यावर मी हातगाडीला हात लावला. हाजिया हसली, म्हणाली, “पाहुण्यांनी पाणी आणायचे नसते.” मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितले, “माझ्या गावीही असेच पाणी आणावे लागते. काल मी विसरलो.” तिने माझ्याकडे पाहिले आणि बाजूला झाली. त्यानंतरचे चारही दिवस संध्याकाळची एक खेप माझी. आणि आंघोळ अर्ध्या बादलीत.

तेव्हापासून मी त्या घरचाच झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी हाजियाने मला आपल्या चुलीपाशी बसवले आणि वाडगाभर गरम पेज पुढे ठेवली. पहिला घोट घेतला आणि चकित झालो. ही तर बाजरीची आंबील! त्याला तिकडे ‘कोको’ म्हणतात. चॉकलेटच्या कोकोशी याचा काही संबंध नाही. आमच्या भगिनींसाठी कृती सांगतो. बाजरी रात्रभर भिजत घालायची. सकाळी आले, मिरे आणि लवंग घालून वाटायची, पाणी घालून कापडातून गाळायची आणि आंबट होईपर्यंत ठेवायची. खाली बसलेला साका उकळत्या पाण्यात ढवळून शिजवायचा, वर साखर. सोबत ‘कोसे’, म्हणजे भिजवून सालं काढलेल्या चवळीच्या वाटणात कांदा-मिरची घालून, ते फेसून तळलेली भजी. तांदूळ आणि चवळी एकत्र शिजवून केलेला ‘वाचे’ नावाचा भातही मिळतो. त्यात ज्वारीची वाळलेली पाने घालतात, त्यामुळे भाताला तांबूस रंग येतो. शाकाहारी माणसाने एवढेच विचारावे की वरच्या चटणीत मासळी आहे का, बहुधा असते. आणि हो, तिथेही उजव्या हातानेच खायचे, उजव्या हातानेच द्यायचे-घ्यायचे.

मी म्हटले, “ही बाजरी आमचीच.” हाजिया म्हणाली, “तुमची कशी? ही आमची.”

आणि तिचेच खरे होते. गावी परतल्यावर कृषी महाविद्यालयातल्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी मला समजावून सांगितले. माणसाने लागवडीत आणलेल्या बाजरीचे जुने अवशेष घानाच्या उत्तरेकडच्या माली देशात सापडले आहेत, ते सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. तिथून ती साडेतीन हजार वर्षांहून आधीच आपल्याकडे पोचली. ज्वारीही मूळची आफ्रिकेचीच. चवळीचे फार जुने दाणे मध्य घानात, त्या किंतांपोच्या परिसरातल्या वस्त्यांत सापडले आहेत. जिथे बस थांबली आणि मी केळी खाल्ली, तिथली ही गोष्ट! मी गेलो ते 2023 साल भारताच्याच सूचनेवरून जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले, आणि मला हे ठाऊक नव्हते.

पण देणे एकाच बाजूने नाही. लॉजच्या अंगणातले ते मधले झाड कडुनिंबाचे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस इंग्रजांनी ते हिंदुस्थानातून तिकडे नेले. आता उत्तर घानात जिथे पाहाल तिथे सावलीला कडुनिंब. सरपणाला, औषधालाही लोक तो वापरतात. त्याच सावलीत बसून आम्ही त्यांची बाजरी प्यायलो.

माझे ओठ फुटलेले पाहून एका रात्री हाजियाने पिवळसर लोण्याचा गोळा दिला. हे शियाच्या बियांचे लोणी. शिया हे आपल्या मोहाच्या आणि चिकूच्या कुळातले झाड. ते कुणी मुद्दाम लावत नाही. नांगरताना शेतकरी ते राखून ठेवतात. फळायला पंधरा-वीस वर्षे लागतात. बिया वेचणे, उकडणे, वाळवणे, फोडणे, भाजणे, दळणे आणि मग तो लगदा पाणी घालून हातांनी घुसळणे, हे सारे काम बायकांचे. जगभरच्या बाजारात महागड्या डबीतून विकले जाते ते हेच. माझ्या टाचा तीन दिवसांत बऱ्या झाल्या.

निघायच्या दिवशी हिशेब केला. मी पाण्याचे जादा पैसे पुढे केले. हाजियाने ते परत माझ्या मुठीत दाबले, म्हणाली, “पाणी तर तूच आणलेस.” आणि वाटेने खायला कोसे बांधून दिले. बाजरीचे एक लांब कणीसही देऊ लागली. ते मात्र मी घेतले नाही. परवान्याशिवाय परदेशाचे बियाणे आपल्या देशात आणता येत नाही, कारण त्यासोबत तिकडची कीड आणि रोग येऊ शकतात. शेतकऱ्यांनी हा नियम मोडू नये. तिला तसे सांगितले तर ती म्हणाली, “मग ते राहू दे. तुमच्याकडे आहेच की.”

घरी येऊन आईला सगळे सांगितले. पिंपाची गोष्ट ऐकून ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग बाजरी, आले आणि लवंग घेऊन बसली. दुसऱ्या दिवशी आंबीलीचा घोट घेत म्हणाली, “म्हणजे आपल्या बाजरीचं माहेर ते. अन् तू माहेरच्या माणसांचं पाणी सांडून आलास होय रे!”

तेव्हा मंडळी, कधी परगावी उतरलात, मग ते तामाले असो की तालुक्याचे ठिकाण, भाडे विचारण्याआधी पाणी कुठून येते ते विचारा. आणि भरून ठेवणारे हात कुणाचे आहेत, तेही बघा.