यंदा सासूबाईंना मासे दाखवायचेत

तुमच्या घरी एखादा बेत वर्षानुवर्षे 'पुढच्या वर्षी' म्हणत राहून जातो का हो? आमच्याकडे तो मत्स्यालयाचा होता. मामंजींचे थोरले भाऊ मुंबईला गिरणीत होते. 1951 साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या गोष्टी ते गावी येऊन सांगत. "एकदा सगळ्यांना नेतो," असे मामंजी दर दिवाळीला म्हणायचे. मग कधी लागण, कधी तोड, कधी पैशाची ओढ. 2019 साली मामंजी गेले. 2020 च्या टाळेबंदीत ते मत्स्यालयही बंद झाले, ते त्या जुन्या इमारतीत पुन्हा उघडलेच नाही.

सासूबाईंना आता पंचाहत्तरावे लागले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा अधू. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. म्हणून यंदा रत्नागिरी ठरवली. तिथे झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. कोल्हापूरहून आंबा घाटाने सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी जाऊन कुलूप बघायला नको, म्हणून आधी चौकशी करून दिवस धरायचा. मुलांना आताच बजावलेय, काचेवर टकटक करायची नाही. माशाला पाण्यातला हादरा अंगभर जाणवतो.

सासूबाई माळकरी. "मला कशाला मासे?" म्हणाल्या.

"खायचे नाहीत, नुसते पाहायचे," मी म्हटले. "शिवाय तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे. देवमासा नावाचाच मासा. त्याची मादी पिलाला दूध पाजते."

"दूध पाजते?" त्या जरा थांबल्या. "मग आपल्या म्हशीची धार कोण काढणार?"

बायांनो, खरा घोर हाच! एस.टी.चे वेळापत्रक सोपे, म्हशीचे अवघड. आमची म्हैस परक्या हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून पंधरा दिवसांपासून जाऊबाई धारेच्या वेळी माझ्याशेजारी बसताहेत. आधी नुसती आंबोण ठेवायची, मग पाठीवर हात फिरवायचा, मग मी दोन सडांना, त्या दोन. परवा मी मुद्दाम गोठ्याबाहेर राहिले. म्हशीने बराच वेळ मान वळवून दाराकडे पाहिले, आणि शेवटी चरवीत धार वाजली.

तोडीची चिठ्ठी त्याच आठवड्यात आली तर हे आणि भाऊजी फडात थांबतील. मी, सासूबाई आणि मुले जाणारच. काल पाहिले, तर सासूबाईंनी डोळ्यांत घालायचे थेंब कापडात गुंडाळून पिशवीत ठेवलेसुद्धा. निघायला अजून आठ दिवस आहेत.