मोडक्या सुया

कोबेत रोक्को डोंगरावरून गार वारा उतरू लागला की माझ्या बोटांतला संधिवात जागा होतो. सकाळी सुई धरवत नाही. दुपारी बोटं जरा सैल झाली की आईच्या नऊवारीची गोधडी वीतभर पुढे सरकते. लेक दोरा ओवून देते. टाके मीच घालते, ते मला हवेच आहेत.

इथे जपानमध्ये मोडक्या सुयांसाठी हारी-कुयो नावाचा विधी करतात, आमच्या कानसाई भागात बऱ्याच ठिकाणी ८ डिसेंबरला. जन्मभर जाड कापडातून गेलेली सुई शेवटी मऊ तोफूत खोचतात, तिचे आभार मानतात. ते मनातून जात नाही. दुखत्या बोटांना अशी मऊ जागा कुठली? ऊन पाणी, कधी लेकीचा तळहात. पुढच्या आठवड्यात रक्ततपासणी आहे. त्याआधी तिला धावदोरा शिकवायचाय.