टर्कीच्या ताटाशेजारचा पेला

मद्याविषयीं मराठींत लिहावयाचें म्हणजे लेखकास आधीं आपली बाजू सांगून टाकावी लागते. गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. तेव्हांपासून पेला हा शब्द नुसता उच्चारला तरी आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत एक तर हुंदका ऐकूं येतो, नाहीं तर खसखस पिकते. मधलें कांहीं नसतें. आम्ही त्या मधल्या ओसाड जागेंत राहणारे. इंग्रजी वाङ्मय शिकवितां शिकवितां क्लॅरेट, शेरी, पोर्ट हीं नांवें आमच्या तोंडांत बसलीं आणि पुढें केव्हां तरी त्या नांवांमागील चवही ओळखीची झाली. तथापि जेवणाबरोबरच्या एका पेल्यापलीकडे आमचा ह्या विषयाचा व्यासंग कधीं गेला नाहीं. एवढें प्रास्ताविक पुरे.

आमची कन्या अमेरिकेंत न्यू जर्सी येथें राहते. जावई तिकडचेच. गेल्या नोव्हेंबरांत आम्ही उभयतां तिच्याकडे होतों. त्या महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण असतो. १८६३ सालीं, यादवी युद्ध ऐन भरांत असतां, अध्यक्ष लिंकन ह्यांनीं जाहीरनामा काढून ह्या सणास राष्ट्रीय स्वरूप दिलें, आणि चौथा गुरुवार कायद्यानें कायम झाला तो १९४१ सालीं. सबंध भाजलेली टर्की ही त्या दिवशींची मुख्य देवता. यजमानीण रांधते आणि जवळचा पाहुणा मद्य घेऊन येतो, अशी बहुतेक घरांतली वहिवाट. कन्या म्हणाली, “बाबा, बाटल्या तुम्ही निवडा.” आम्ही मनांतून सुखावलों. पण तिचें वाक्य तेथें संपलें नव्हतें. “मात्र माझे सासरेही पानावर असणार आहेत, तें लक्षांत असूं द्या.”

आमचे व्याही अकरा वर्षांपूर्वीं मद्याच्या पाशांतून सुटले. सुटले म्हणजे काय झालें, ह्याची आमची कल्पना पुस्तकी, विहीणबाईंची अनुभवाची. तेव्हांपासून त्यांच्या घरीं ह्या सणाला बूच म्हणून उघडलें गेलें नव्हतें. यंदा सण प्रथमच सुनेच्या घरीं व्हावयाचा होता, आणि पानें चौदा. कन्येचा विचार असा कीं बाटली घरांत नकोच. तिनें सासऱ्यांस तसें कळविलें, तेव्हां त्या गृहस्थांनीं उलट निरोप धाडला: “माझ्यासाठीं तेरा माणसांचे पेले उपडे घालूं नका, त्यानें सगळ्यांच्या नजरा माझ्याकडेच लागतील. माझ्या पेल्यांत कांहीं तरी चांगलें असूं द्या, म्हणजे झालें.” आमची निवड ह्या निरोपापासून सुरू झाली.

आतां पक्ष्याकडे वळूं. ह्या पक्ष्याइतका नांवाच्या बाबतींत दुर्दैवी प्राणी विरळा. मूळचा तो मेक्सिको व उत्तर अमेरिका इकडचा. परंतु इंग्रजांनीं त्यास तुर्कस्थानचा ठरविलें, फ्रेंचांनीं हिंदुस्थानचा, आणि पोर्तुगीजांनीं पेरू देशाचा. पोर्तुगीज त्यास ‘पेरू’च म्हणतात, आपण मराठींत तें नांव एका फळास देऊन मोकळे झालों. १६१२ सालीं मुकर्रबखानानें गोव्याहून हा पक्षी जहांगीर बादशहाकडे नेला आणि मन्सूर चित्रकारानें त्याचें चित्र काढलें. तें आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहे. बादशहास कौतुक वाटलें तें पक्ष्याच्या रूपाचें. चवीबद्दल आम्ही विचाराल तर सांगूं कीं टर्की हा पदार्थ स्वभावानें अगदींच सौम्य आहे. मांडीचें मांस नीट शिजेपर्यंत छातीचें मांस कोरडें पडतें, आणि मग त्यास ओलावा व रुचि बाहेरून पुरवावी लागते.

मद्यविक्रेत्याच्या दुकानांत ‘पांढऱ्या मांसास पांढरी वाईन, तांबड्यास तांबडी’ हा मंत्र ऐकावयास मिळतो. तो येथें लटका पडतो. एक तर ह्या पक्ष्याच्या अंगीं दोन्ही रंगांचें मांस आहे. दुसरें, टर्कीची त्या ताटांत जी स्थिति ती लग्नांत नवरदेवाची: मध्यभागीं बसून मान मिळवावयाचा, समारंभाचा बरा-वाईटपणा ठरवितात ते भोंवतालचे लोक. शेजारीं क्रॅनबेरीचा आंबटगोड मुरांबा. त्याला लागून साखर घालून भाजलेलीं रताळीं. मग पाव, कांदा व सेज नांवाचा उग्र पाला ह्यांचें सारण, फरसबी, बटाट्याचा लोण्यांतला लगदा, आणि ह्या सर्वांवरून वाहणारा खारट रस्सा, म्हणजे ग्रेव्ही. आपल्या सणाच्या पानांत डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचें आणि उजवीकडे भाजी असते, तसेंच हें. फक्त डाव्या-उजव्याची शिस्त नाहीं. सबंध ताटास साजेल असें एक पेय सुचवा, असें कोणी आपल्याला विचारलें तर आपण मठ्ठा सांगूं. मठ्ठा कां चालतो? तो आंबट आहे, हलका आहे, आणि कोणाशीं भांडत नाहीं. त्या दुकानांत फळ्यांमागून फळ्या पाहतांना आम्हीं हेंच माप हातीं धरलें.

ह्या मापानें पहिली बाद झाली ती कॅबर्ने सोव्हिन्याँ, जी तिकडे प्रतिष्ठेची समजली जाते. कोवळ्या कॅबर्नेंत टॅनिन फार. हें द्रव्य लाळेंतील प्रथिनांस बिलगतें आणि तोंड कच्चें केळें खाल्ल्यासारखें आंवळून येतें. चरबीदार मटणासमोर तो तुरटपणा खपून जातो, किंबहुना हवासा वाटतो. टर्कीच्या कोरड्या छातीजवळ त्याला करावयास काम उरत नाहीं. त्यांत ताटांत गोड पदार्थ. गोड घासामागून कोरडी वाईन घेतली कीं ती होती त्याहून आंबट व कडू लागते. (दिवाळींत शंकरपाळ्यावर बेताच्या साखरेचा चहा प्यालेल्यास हें समजावून सांगावयास नको.) म्हणून पेल्यांतही गोडव्याची किंचित् छटा असावी आणि तिला आवरणारा आंबटपणा भरपूर असावा.

हे दोन्ही गुण जर्मनीच्या मोझेल नदीकांठच्या रीसलिंगमध्यें एकत्र नांदतात. तिच्यांतील ‘काबिनेट’ वर्गाच्या बाटलींत मद्यार्क बहुधा शेंकडा आठ-नऊ इतकाच असतो. दोन प्रहरीं सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत चालणाऱ्या जेवणांत हा आंकडा क्षुल्लक समजूं नये; शेंकडा पंधराची वाईन घेतलेला मनुष्य भोपळ्याच्या मिष्टान्नापर्यंत शुद्धीवर असतो, पण शहाणा राहतोच असें नाहीं. तांबड्यांत आम्हीं फ्रान्समधील बोजोले प्रांतींची फ्लरी घेतली. गामे द्राक्षाची ही वाईन टॅनिनानें हलकी, आणि थोडी गार करून दिली तर खुलते. त्याच प्रांताची ‘नूव्हो’ म्हणजे नवी वाईन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारीं बाजारांत येते, अर्थात् सणाच्या बरोबर एक आठवडा आधीं. दुकानदारांना असा योग देवानेंच जुळवून दिला. तिचा डोंगर दाराशींच रचलेला होता. आम्ही वळसा घालून पुढें गेलों.

जावयांचा आग्रह असा कीं राष्ट्रीय सणास एक तरी बाटली राष्ट्रीय असावी. त्यांच्या मनांत झिनफंडेल होती. हें द्राक्ष अस्सल अमेरिकन, अशी त्यांची समजूत. २००१ सालीं आनुवंशिक परीक्षेनें तें क्रोएशियाचें ठरलें, हें आम्हीं सांगितलें, तेव्हां ते क्षणभर खिन्न झाले. टर्कीच्या दैवांतील कांहीं अंश ह्या द्राक्षाच्याही वांट्यास आलेला दिसतो. शेवटीं ऑरेगॉनच्या पीनो न्वारवर तडजोड झाली: द्राक्ष बर्गंडीचें, माती अमेरिकेची, आणि वाईन हलकी. तीन मुलें, व्याही, आमचें कुटुंब आणि रात्रीं गाडी चालविणारा एक वजा जातां पिणारे राहिले आठ. एका बाटलींत पांच पेले. दोन रीसलिंग आणि दोन तांबड्या पुष्कळ झाल्या.

व्याह्यांच्या पेल्याचें काम ह्याहून कठीण. न पिणाऱ्यास पाणी नाहीं तर मुलांचें गोड सोडावॉटर द्यावयाचें, ही पद्धत आम्हांस उद्धटपणाची वाटते. त्यानें मद्य सोडलेलें असतें, जीभ सोडलेली नसते. मद्यार्क काढून घेतलेली वाईन दुकानांत मिळते. कन्येनें विचारलें, तेव्हां ते म्हणाले, तो वासच मला नको. पाककृतींत ग्रेव्हीमध्यें पांढरी वाईन सांगितलेली होती. उकळल्यावर ती उडून जाते हा सार्वत्रिक समज. वस्तुतः तासभर मंद आंचेवर ठेवूनही थोडा अंश मागें राहतो. ती ओळ आम्हीं खोडावयास लावली. मग तोच हिशेब पुन्हा मांडला: आंबट हवें, किंचित् तुरट हवें, गोडवा बेताचा, आणि खारट रस्श्यापुढें टिकणारें. हें वर्णन ऐकतांच आमचें कुटुंब हंसलें आणि म्हणालें, “अहो, हें तर कोकम!”

हिंदी किराण्याच्या दुकानांतून आमसुलें आणलीं. रात्रभर भिजवून, गाळून, थोडी साखर, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची चिमूट घालून तिनें सरबत केलें व गार ठेवलें. रंग थेट फ्लरीचा. उंच दांड्याच्या पेल्यांत ओतलें तेव्हां दोहोंत फरक दिसेना, आणि तेथेंच आमच्या काळजाचा ठोका चुकला. पेला तोच असावा हा मान. पण पेले अदलाबदल झाले तर? व्याह्यांनींच तोड काढली. येतांना आणलेल्या पुदिन्याच्या जुडींतलें एक पान त्यांनीं आपल्या पेल्यांत टाकलें आणि तो उजव्या हाताशीं घेतला.

जेवणापूर्वीं प्रत्येकानें कशाबद्दल आभार मानावयाचे तें सांगण्याची त्या घरांत चाल आहे. व्याह्यांनीं फक्त दिवसांचा आंकडा सांगितला. तो चार हजारांवर होता. कोणी टाळी वाजविली नाहीं, तें बरें केलें. विहीणबाईंच्या समोर रीसलिंगचा अर्धा पेला भरलेला होता. त्यांनीं आधीं नवऱ्याकडे पाहिलें. त्यानें रताळ्यांचें भांडें त्यांच्याकडे सरकविलें. मग त्यांनीं पेला उचलला.

क्रॅनबेरीशीं सर्वांत चांगलें जमलें तें कोकमाचें, हें जावयांनीं दोन्ही चाखून कबूल केलें. पीनो न्वार संपली. फ्लरी अर्धी उरली. रीसलिंगचीही एक बाटली तळाशीं चार बोटें राहिली होती. दुसऱ्या दिवशीं दुपारीं थंड टर्कीच्या पातळ कापांस मोहरी लावून पावांत घालून खाल्ली, तेव्हां तिच्याबरोबर ती आम्हांस आदल्या दिवसापेक्षां अधिक रुचली.