मनावर घेतलं तर…

'मनावर घेतलं तर सुटेल की!' दारुड्याला आपण किती सहज सुनावतो. पण व्यसन हा आजार आहे. मेंदू नशेला सरावला की माणूस मजेसाठी नाही, हातांची थरथर थांबावी म्हणून पितो. वर्षानुवर्षांची दारू डॉक्टरांविना एकदम तोडणं जिवावरही बेतू शकतं.

ब्राउन शुगरची नशा पोरांना गिळत होती, तेव्हा १९८६मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई पाठीशी उभे राहिले. आजाऱ्याला आधार लागतो, हे या साऱ्यांना उमगलं होतं.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या गटाचं 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र मला म्हणूनच पटतं. जन्मभराची शपथ कुणाला झेपते? मध्येच पाय घसरला, तरी उपचार वाया जात नाहीत. आणि सावरलेल्याला लग्नात 'एकानं काय होतंय?' म्हणत ग्लास पुढे करणारे आपणच असतो!