उत्तरेकडची भिंत

घराची भिंत मळली आहे हे घरात राहणाऱ्याला सर्वांत शेवटी कळते. आत बसलेल्या माणसाला बाहेरची बाजू दिसावी कशी? ती दिसते शेजाऱ्याला, रस्त्याने जाणाऱ्याला आणि सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्याला. आमच्या डिंडोलीच्या घराची उत्तरेकडची भिंत काळी पडली आहे, हे आम्हांला अशाच एका पाहुण्याच्या नजरेवरून समजले. गृहस्थ बोलले काहीच नाहीत. दारात जोडे काढताना त्यांनी एकदा मान वर करून पाहिले, एवढेच. पण वकिलीच्या धंद्यात साक्षीदाराच्या मुद्रेवरून अर्थ काढण्याची वाईट खोड जडते. पुतणीचा साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता.

ज्यांनी डिंडोली पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. हे सुरत शहराचे आग्नेयेकडचे अंग. उधन्याहून निघालेला लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करीत सुमारे 300 किलोमीटरवर जळगावला पोहोचतो. याच मार्गाने निम्मे खानदेश सुरतेच्या मागांवर आणि रंगाईच्या गिरण्यांत कामाला आले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. येथे दुकानांच्या पाट्या गुजराती, पण संध्याकाळी ओट्यावर बसावे तर कानांवर अहिराणी पडते. आमचे वडील असेच एका मागावर चिकटले आणि 1988 साली त्यांनी हे घर बांधले. विटांचे काम गवंड्याकडून करवून घेतले. बाहेरच्या गिलाव्यापर्यंत पैसे संपले होते. तेव्हा वडील आणि त्यांचे दोन मित्र, तिघांनी मिळून पाळीच्या सुट्ट्यांना गिलावा केला. वाळू चाळण्याला आणि पुढे सात दिवस भिंतीवर पाणी मारण्याला आम्ही होतो. आमचे वय तेव्हा नऊ वर्षांचे. शेवटच्या दिवशी खिडकीखालच्या ओल्या गिलाव्यावर वडिलांनी खिळ्याने साल कोरले आणि त्याखाली तिघांच्या नावांची तीन आद्याक्षरे.

आता भिंत काळी का पडते? पुष्कळांना तो धूर वाटतो. गिरण्यांच्या धुराड्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना तसे वाटणे साहजिक आहे, आणि थोडा धूर त्यात असतोही. पण बराचसा काळिमा सजीव असतो. हिरवे असते ते शेवाळ. काळे असते ते बहुधा नीलहरित शैवाल आणि बुरशी. उन्हाळ्यात ही मंडळी मेल्यासारखी पडून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उठतात. त्यांना हवी असते ती ओल आणि सावली, म्हणून उत्तरेची भिंत आधी जाते. जळगाव-धुळ्याकडे वर्षाला सहा-सातशे मिलिमीटर पाऊस. सुरतेत त्याच्या दीडपट ते दुप्पट. खानदेशातून आलेल्या माणसाला हा फरक कळायला एक पिढी जाते. गोव्याच्या वाचकांना याचे हसू येईल. तीन हजार मिलिमीटर झेलणाऱ्या प्रदेशात भिंतीची काळजी मृगाच्या आधीच सुरू होते. नारळीच्या झावळ्यांचे झाप पूर्वी त्याचसाठी बांधीत.

आम्ही मात्र घाईत होतो. मोटारी धुण्याचे, जोरदार फवाऱ्याचे यंत्र घेऊन एक तरुण आला. त्याने नळीचे तोंड भिंतीपासून वीतभर अंतरावर धरले आणि काळा थर पापुद्र्यासारखा उडू लागला. आम्ही खुर्ची टाकून कौतुकाने पाहत बसलो. तासाभराने लक्षात आले की खाली साचणाऱ्या पाण्यात वाळू आहे. गिलाव्याची वरची साय निघून चालली होती. आम्ही ओरडलो तोवर फवारा खिडकीखालून गेला होता. वर ‘19’ एवढे राहिले. पुढचे आकडे आणि तिन्ही अक्षरे गेली. आई बाहेर आली. तिने जवळ जाऊन बोटाने चाचपून पाहिले आणि विचारले, “गेलं का ते?” आम्ही न्यायालयात पुष्कळ अवघड प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. या प्रश्नाला दिले नाही. त्या तरुणाचा यात दोष नव्हता. यंत्र आम्ही मागवले होते आणि खुर्चीवर आम्हीच बसलो होतो.

साखरपुडा थाटात झाला. पण पुढच्या पावसाळ्यात भिंत पूर्वीपेक्षा काळी झाली. त्यात नवल नाही. गुळगुळीत गिलाव्यावरून पाणी घसरते. खरवडलेल्या गिलाव्यात ते मुरते.

या वेळी आम्ही कारण शोधले आणि ते शेजारच्या गच्चीवर सापडले. नानांच्या गच्चीचे पाणी एका आखूड पन्हाळीतून पडे आणि वाऱ्याबरोबर आमच्या भिंतीवर येई. गणपतीच्या दिवसांत आम्ही नोटिशीचा मसुदा करावयास बसलो. सुविधाधिकाराचा 1882 चा कायदा मूळचा मद्रास आणि मध्य प्रांताकडचा. 1891 साली तो मुंबई इलाख्याला लागू झाला, म्हणून गुजरातेतही चालतो. त्याचे पंधरावे कलम उघडले आणि लेखणी थांबली. शांतपणे, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वीस वर्षे उपभोग घेतला की तो हक्क पक्का होतो. नानांचे घर 1991 चे. दावा लावण्याआधीच आम्ही तो हरलो होतो! याची आम्हांला त्या रात्री चीड आली. मात्र गेलेल्या तीन अक्षरांपैकी एक अक्षर नानांचे होते, हे मसुदा लिहिताना एकदाही आठवले नाही.

आईला मसुद्याचा सुगावा कसा लागला, ते ठाऊक नाही. दिवाळीत तिने फराळाचे ताट आमच्याच हाती देऊन आम्हांला नानांकडे धाडले. नानांनी शंकरपाळा तोंडात टाकला आणि म्हणाले, “भिंतीला जोर नाही लावायचा रे भाऊ. कापडासारखं धुवायचं.”

नानांची तीस वर्षे पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या गिरणीत गेली आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, भिंतीवर ऊन यायच्या आत, ते बादली घेऊन हजर झाले. आधी त्यांनी जमिनीलगतचा पांढरा खार कोरड्या ब्रशाने झाडून घेतला. त्यावर पाणी घातले तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत शिरतात. झाडून उचलला की गेला. मग साऱ्या भिंतीवर साधे पाणी मारले. “कोरडं कापड रंग डागानं पितं,” ते म्हणाले. “आधी ओलं केलं की औषध वरच्या वर राहतं.” औषध म्हणजे बाजारात मिळणारे कपड्यांचे ब्लीच, एका भागाला चार भाग पाणी. ते खालून वर लावत जायचे, म्हणजे कोरड्या भागावर ओघळांचे पट्टे उमटत नाहीत. पंधरा मिनिटांनी वरून खाली स्वच्छ पाण्याने धुवायचे. मधल्या वेळात मऊ ब्रश हलक्या हाताने. तुळशीची कुंडी त्यांनी आधीच लांब नेऊन ठेवली होती. न्हाणीघरातली ॲसिडची बाटली आम्ही मदतीच्या उत्साहाने आणली, तेव्हा मात्र ते खेकसले. ॲसिड गिलाव्यातला चुना खाते, आणि ब्लीचशी मिळाले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. गिरणीत त्यांनी एकाला त्यापायी रुग्णालयात नेलेले होते.

भिंत तीन दिवस वाळू दिली. वर द्यायची ती चुन्याची सफेदी, त्यात किंचित मोरचूद. बुरशीला मोरचूद वर्ज्य. सुपारीच्या बागायतदारांना हे बोर्डो मिश्रणावरून माहीत आहे. प्लास्टिकचा रंग नानांनी साफ नाकारला, कारण तो आतली ओल कोंडून ठेवतो.

पन्हाळीविषयी आम्ही अवाक्षर काढले नाही. परांचीवर चढलेल्या नानांनाच ती समोर दिसली. संध्याकाळी त्यांनी तिला नळी जोडून पाणी थेट गटारात सोडले. उतरताना म्हणाले, “इतकी वर्षं सांगितलं नाहीस?” मसुदा तोवर आमच्या टेबलाच्या खणातच होता.

सफेदीआधी खिडकीखालची खरवडलेली जागा नव्याने लिंपायची होती. नानांनी थापी फिरवली, खिशातून एक खिळा काढला आणि आईपुढे धरला. आईने तो घेतला. थोडा वेळ त्या ओल्या चौकोनासमोर उभी राहिली आणि काही न लिहिता खिळा त्यांना परत दिला. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “पाणी मारायचं लक्षात ठेव. सात दिवस.”