परवडणारी बंदूक

आमचा भाग राधानगरीच्या वरच्या अंगाचा. दाजीपूरचं जंगल जवळ. त्यामुळं गवे आणि रानडुकरं आमच्या उसाला, भाताला घरचंच समजतात. अशा मुलखात बंदूक ही काही नवलाची वस्तू न्हाई. जुन्या घरांतनं कुठं ठासणीची, कुठं बाराबोर, पीक राखायच्या परवान्यावर खुंटीला टांगलेली असायची. आमच्या अण्णांचीही होती. एकनळी बाराबोर. दस्त्याला तेल लावून लावून चिंचोक्यासारखा रंग आलेला.

अण्णांनी ती चाळीस वर्षं सांभाळली. 'सांभाळली' हाच शब्द बरोबर, 'वापरली' म्हणायला जीभ वळत न्हाई. जनावरं शिवारात उतरली की बांधावर उभं राहून आभाळाकडं एखादा बार काढायचा आणि घरी यायचं. शिकारीचा तर प्रश्नच नव्हता, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती वाट कधीच बंद केलेली. कागदांचा व्याप मात्र दांडगा. परवान्याचं नूतनीकरण, काडतुसांचा हिशेब, आणि निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा. अण्णा म्हणायचे, "घरापरीस हिचा मुक्काम पोलिसांकडंच जास्त." तरी खंडेनवमीला ती पाटावर असायची, झेंडूचा हार घालून.

२०२४ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. दिवसकार्य झालं आणि बंदूक ठाण्यात नेऊन दिली. आता परवाना कुणाच्या नावावर करायचा, की ती मोडीत काढायची, असा प्रश्न उभा राहिला. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू कर न्हाईतर मी करतो. पण अण्णांची बंदूक घरातनं जाता कामा न्हाई."

त्याच पावसाळ्यात, १ ऑगस्टला, आमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळवलं होतं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं एकट्याच्या जिवावरचं पदक. तसं कोल्हापूरला नेमबाजी नवी न्हाई. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये रायफलीत जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सोनं आणलं. पण कांबळवाडी म्हंजे आमच्या एस.टी.च्या वाटेवरचं गाव. माझी नात कोल्हापुरात आठवीला होती. तिनं ते टीव्हीवर बघितलं आणि आठवड्याभरात बापाच्या मागं लागून एका क्लबात नाव घातलं. दिवाळीला गावाला आली ती एकच धोसरा घेऊन. "आज्जा, मला रायफल पायजे. सरावाला घरात एक असली की मी लवकर शिकतो."

कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, 'शिकतो', 'जातो'. बाहेरच्या वाचकांनी चूक समजू नये.

झालं. पारावर विषय निघाला. आमच्या पारावर चौघं कायमचे. मी, पलटणीतनं निवृत्त झालेले फौजी, शाळेचे मास्तर आणि दूध संस्थेचे सेक्रेटरी. चौघांनाही बंदुकीचं वेड, आणि चौघांचीही अक्कल वेगळी.

सेक्रेटरीचं म्हणणं, परवाना काढायचाच तर रिव्हॉल्व्हरचा काढा. पॉइंट बत्तीस. कमरेला लावली की माणूस दोन पावलं मागंच राहतो. फौजी म्हणाले, "सेक्रेटरी, तुमच्या कमरेला अगोदरच दुधाच्या हिशेबाचं ओझं हाय. आणि रिव्हॉल्व्हर म्हंजे काय? मनगट जरासं हाललं तर दहा पावलांवरचं चुकतंय." फौजींची पसंती पॉइंट बावीस रायफलीला. धक्का जवळजवळ न्हाई, आवाज कमी, ५० मीटरवर चवलीत मारते. मास्तरांनी कायद्याचा कागदच काढून आणला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं, नळी पॉइंट १७७ म्हंजे साडेचार मिलिमीटरच्या आत आणि जोर २० जूलच्या आत असेल, तर हवेच्या बंदुकीला परवाना लागत न्हाई. म्हंजे छऱ्याची बंदूक.

"छऱ्याची?" सेक्रेटरी हसले. "ती तर जत्रंतली. फुगं फोडायची."

त्यावर फौजींनी जत्रेचीच गोष्ट सांगितली, ती मला पुढं फार उपयोगी पडली. जत्रेतल्या बंदुकीची माशी वाकडी असते हे सगळ्यांना ठाऊक. नेम धरावा मधल्या फुग्यावर आणि छर्रा लागावा डावीकडच्या पत्र्याला. फौजी पहिला छर्रा मुद्दाम वाया घालवायचे. तो कुठं लागतो ते बघायचं, की पुढचे नेम तेवढेच उजवीकडं धरायचे. स्टॉलवाला त्यांना बघितलं की हात जोडायचा. फौजी म्हणाले, "बंदूक वाकडी मारती का सरळ, ह्याचं काय बी न्हाई. दर वक्ताला सारखीच वाकडी मारती का, तेवढं बघायचं. माशी काय, फिरवून सरळ करता येती. पण जी आत्ता हिकडं आन् मग तिकडं मारती, तिचं काय करणार?"

आम्ही एवढी वर्षं बंदुकांची तुलना करत आलो ती 'किती लांब जाते' आणि 'किती जोरात बसते' यावर. हा हिशेब कुणी मांडलाच नव्हता.

डिसेंबरात आम्ही तिघं, मी, फौजी आणि मास्तर, नातीबरोबर कोल्हापूरला रेंजवर गेलो. सेक्रेटरींना दुधाचा पगार वाटायचा होता. तिथले सर समजूतदार निघाले. खेड्यातनं म्हातारी माणसं आलीत म्हणून उडवून लावलं न्हाई. टेबलावर एकेक वस्तू मांडून त्यांनी समजावून सांगितलं.

पहिली, स्प्रिंगची रायफल. नळी मोडून खाली ओढली की आत स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, पुढची हवा दाबते आणि ती हवा छर्रा ढकलते. देशी बनावटीची दहा हजारांच्या आत मिळते. पण छर्रा नळीतनं बाहेर पडायच्या आधीच ती स्प्रिंग रायफलीला हिसका देते. म्हणून तिला घट्ट आवळून धरायचं न्हाई. तळहातावर नुसती ठेवायची आणि दर वेळी तशीच ठेवायची. सर म्हणाले, "ही शिकवायला कडक मास्तरीण. हात जरा चुकला की लगेच कागदावर दाखवते."

दुसरी, स्पर्धेची. हवा आधीच नळकांड्यात भरून ठेवलेली. चाप ओढला तरी अंगात काही जाणवत न्हाई. दहा मीटरवरच्या कागदावर दहाचा ठिपका केवढा? अर्धा मिलिमीटर. बाजरीच्या दाण्यापेक्षाही बारीक. आणि ही पोरं साठातले बहुतेक छर्रे तिथंच घालतात. किंमत विचारली. परदेशी बनावटीची दोन-अडीच लाखांच्या पुढं. मी मनात दोन मुऱ्हा म्हशी उभ्या केल्या आणि पुन्हा गोठ्यात बांधल्या.

तिसरं, हवेचं पिस्तूल. हे एका हातानं, हात लांब करून धरायचं. रायफलीला खांदा आहे, गाल आहे, दुसरा हात आहे. पिस्तुलाला नुसतं मनगट. म्हणून त्याचं दहाचं वर्तुळ मोठं ठेवलंय, साडेअकरा मिलिमीटरचं. मी पाच छर्रे मारले. तीन कागदाला लागले, दोघांचा पत्ता न्हाई. जन्मभर नांगर धरलेला हात, पण ते किलोभराचं पिस्तूल धरून आंब्याच्या डहाळीसारखा हलत होता.

चौथी पॉइंट बावीस. ही खरी काडतुसाची. हवेचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, हिची गोळी अडीच ग्रॅमच्या वर. दिसायला लहान म्हणून लोक हिला खेळणं समजतात, पण नेम चुकून वर गेला तर गोळी दीड किलोमीटरच्याही पलीकडं जाऊन पडू शकते. आमच्या शिवारात दीड किलोमीटरच्या आत तीन वाड्या आणि एक शाळा. म्हणून ती रेंजवरच, मागं मातीचा बंधारा असेल तिथंच. परवाना लागतो, काडतुसं मोजून मिळतात. एका काडतुसाच्या पैशात छऱ्यांची मूठ येते.

मी सरांना सरळच विचारलं, "शेतकऱ्याला परवडंल अशी कुठली?"

सर म्हणाले, "काका, रायफलीची किंमत एकदाच द्यावी लागते. छऱ्याचे पैसे रोज. पोरगी दिवसाला शंभर छर्रे मारू शकेल, ती परवडणारी. स्पर्धेची रायफल पहिली दोन वर्षं क्लबची वापरू दे. तुम्ही घरी स्प्रिंगची घ्या आणि बाकीचा पैसा छऱ्यांना ठेवा."

परतताना एस.टी.त फौजी गप्प होते. पॉइंट बावीसचा त्यांचा जीव होता. शेवटी राशिवड्याजवळ म्हणाले, "माणूस खरं बोलला. पलटणीत आमचा नेम बसला तो रायफल भारी म्हणून न्हाई. सरकारी गोळ्या फुकट होत्या म्हणून."

आता खरी अडचण घरात होती. मी ठरवलं की बाराबोर परवानाधारक दुकानदाराला कायद्यानं विकायची आणि परवान्याचं प्रकरण मिटवायचं. तिची आता कुणाला गरज नव्हती. जनावरं हाकायला आम्ही सौरकुंपण घातलं होतं. घरात वाढती पोरं. काडतुसाची बंदूक घरात ठेवायची म्हंजे रोज कुलूप बघायचं. भावाला हे पटलं न्हाई. "अण्णांची वस्तू तू भंगारात घालतोयस," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला. मी उत्तर दिलं न्हाई. त्याचंही दुःख खरं होतं. त्याच्यासाठी ती बंदूक नव्हती, खंडेनवमीला हार घालणारे अण्णा होते. कागद झाले, बंदूक गेली. पैसे आले ते दोन शेळ्यांचे. पुढं चार महिने भाऊ कामापुरतं बोलत होता.

त्या पैशातनं आणि थोडी भर घालून स्प्रिंगची रायफल आणली. गोठ्यामागं मातीचा उंच बांध आहे, तिथं दहा मीटर मोजून जागा केली. एका लाकडी पेटीत जुनी लुगडी आणि पोती ठासून भरली आणि तिच्या तोंडाला कागद लावला. दगडावर किंवा पत्र्यावर मारायचं न्हाई, छर्रा उलटून डोळ्यात येतो. रायफल भरलेली असो वा रिकामी, नळी माणसाकडं, जनावराकडं करायची न्हाई. हे नियम नातीनंच खडूनं गोठ्याच्या दारावर लिहिले. गल्लीतला एक पोरगा म्हणाला, "त्या साळुंकीवर मार की." तिनं रायफल खाली ठेवली, छऱ्यांचा डबा बंद केला आणि त्याला दार दाखवलं. त्या दिवशी मला तिच्या नेमापेक्षा तिच्या चेहऱ्याचा जास्त भरवसा वाटला.

पहिल्या महिन्यात तिचे छर्रे ताटभर पसरायचे. मग वाटीभर झाले. आता पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकतात. स्पर्धा अजून जिंकलेली न्हाई. जिल्ह्याला गेली, मधल्या नंबरात आली, रडली आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा आली. पदक येईल न येईल. मी तिला ते कधी विचारत न्हाई.

उन्हाळ्यात एका रविवारी भाऊ गोठ्याकडं आला. म्हशीला वैरण टाकायचं निमित्त. बराच वेळ उभा राहिला. नात म्हणाली, "धाकलं आज्जा, मारून बघतोस?" त्यानं पोत्यावर कोपरं टेकली. पहिला छर्रा पेटीच्या फळीला लागला. दुसरा कागदाच्या कोपऱ्याला. तिनं त्याला श्वास कधी सोडायचा ते सांगितलं. अंधार पडेपर्यंत त्यानं चाळीस छर्रे मारले. मी पेटीमागं उभा राहून मोजत होतो. अण्णांच्या बाराबोरीतनं आम्ही दोघा भावांनी मिळून अख्ख्या आयुष्यात चार बारही काढले नव्हते.

जाताना एवढंच म्हणाला, "दादा, शेवटचं पाच एका जागी बसलं."

हल्ली महिन्याच्या खर्चाच्या वहीत पेंड, चहा-साखर, लाइटबिल यांच्या खाली एक ओळ वाढली आहे. नातीच्या अक्षरात: छर्रे, पाचशेचा डबा, दोन. गेल्या महिन्यापासून त्या 'दोन'वर काट मारून कुणीतरी 'तीन' केलंय. अक्षर भावाचं आहे.